डाव्या कानातलं पाणी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी बोकडाने अंग झाडलं. "दिला कौल," असं सटवाजी भगत म्हणाला, हलगी वाजली, आणि त्यानंतर पाच-सात मिनिटांत महेबूबभाई मुलाण्याने आपलं काम उरकलं. बोकड सव्वा वर्षाचा होता, काळाभोर, लोंबत्या कानांचा. तो राजीखुशीने सटवाईला गेला, याला दीडशे माणसं साक्षीला होती. तो राजी नव्हता, हे दोघांनाच माहीत होतं. त्यातली एक कमलबाई. दुसऱ्या माणसाची तिला त्या वेळी कल्पना नव्हती.

कमलबाईचं गाव झरीपासून चार किलोमीटर आत. नवरा आश्रुबा, मुलगा परमेश्वर, सून वैष्णवी आणि पंधरा महिन्यांची नात प्राची, एवढं घर. नवस कमलबाईनेच बोलला होता. प्राची आठव्या महिन्यात जन्मली आणि परभणीच्या एका दवाखान्यात बावीस दिवस काचेच्या पेटीत राहिली. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी परमेश्वरला आत बोलावलं, तेव्हा कमलबाई बाहेरच्या बाकावर बसली होती. आश्रुबा शेजारी वडापाव खात होता. तिने पदर डोक्यावर घेतला आणि हळूच म्हणाली, "सटवाई माय, लेकरू घरी येऊ दे. जावळाला तुझ्या दारात बोकड आणते." आश्रुबाने ऐकलं. "बोकड कुठला आणतीस?" त्याने विचारलं. "आपल्या शेळीचा," ती म्हणाली. शेळी तेव्हा गाभण होती.

लेकरू घरी आलं. शेळीला दोन पिल्लं झाली, एक जगलं, तोच हा बोकड. आठव्या दिवशी शेळी कोवळ्या ज्वारीत शिरली आणि विषबाधा होऊन गेली. प्राचीसाठी दवाखान्यातून आणलेल्या दुधाच्या दोन बाटल्या होत्या. त्यातली एक कमलबाईने पिल्लाला लावली. दिवसातून चार वेळा, कोमट करून. एका मांडीवर नात आणि दुसऱ्या बाजूला पिल्लू असं तिला कित्येक जणांनी बघितलं आहे. "जुळी झाली का काय?" असं गल्लीतल्या बाया विचारायच्या.

देवाच्या जनावराला नाव ठेवायचं नसतं, म्हणून तिने ठेवलं नाही. जिभेने चुक् चुक् केलं की तो यायचा. संध्याकाळी ती ओट्यावर बसली की आपण होऊन यायचा, तिच्या गुडघ्यावर मान ठेवायचा आणि एक कान पुढे करायचा. त्याच्या कानात गोचिड फार होत. कमलबाई करंजाच्या तेलात बोट बुडवून एकेक गोचिड काढायची. डावा झाला की तो स्वतःच मान फिरवून उजवा द्यायचा. दुसऱ्या कुणाला तो कानाला हात लावू देत नसे. परमेश्वरने एकदा प्रयत्न केला, तर त्याच्या हनुवटीला शिंग लागून दोन टाके पडले.

दर शनिवारी ती त्याला हापशावर न्हाऊ घालायची. देवीचं जनावर घाण कसं ठेवायचं? वैष्णवीही शाम्पूची पुडी आणून द्यायची. शेळ्यांना पाणी आवडत नाही, थेंब उडाला तरी त्या आडोशाला पळतात. हा मात्र हापशाखाली उभा राहून रवंथ करायचा. सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. यात काही चुकतंय, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही. कमलबाईच्याही नाही.

गावाची सटवाई ओढ्याकाठी लिंबाखाली आहे. तिथला शिरस्ता असा. बोकडाला हळदकुंकू लावायचं, हार घालायचा, आणि पाठीवर ओंजळभर पाणी टाकायचं. त्याने अंग झाडलं तर तो राजी आहे असं समजायचं. नाही झाडलं तर थांबायचं आणि पुन्हा टाकायचं. असं तीनदा. पहिलं पाणी घरधन्याचं, दुसरं मुलाचं, तिसरं नवस बोललेल्या माणसाचं. तिसऱ्यालाही झाडलं नाही तर त्याला कापायचं नाही. कानाला चीर देऊन सोडून द्यायचं आणि पुढच्या वर्षी दुसरा आणायचा. असं कधी होत नाही, असंही नाही. सटवाजी भगताच्या वडिलांचा बोकड असाच सुटला होता. सात वर्षं तो गावात हिंडला, ज्याच्या-त्याच्या दारात खाल्लं, आणि म्हातारा होऊन मेला. त्याला पुरलेली जागा लोक अजून दाखवतात.

त्या मंगळवारी आश्रुबाने पहिलं पाणी टाकलं. बोकड रवंथ करत राहिला. परमेश्वरने दुसरं टाकलं, जरा जास्तच टाकलं. पाणी पाठीवरून ओघळून खाली गेलं आणि बोकडाने शेपटी हलवली. हलगीवाला थांबून राहिला. मागे तीन चुलींवर पाणी उकळत होतं, मसाला वाटून तयार होता. वैष्णवीचा भाऊ प्राचीला मांडीवर घेऊन न्हाव्यासमोर केव्हाचा बसला होता.

"लय सभ्य बोकड हाय," कुणीतरी म्हणालं. "आंघोळीला आल्यासारखा हुबा हाय."

"शाम्पू आणा, शाम्पू," दुसरा म्हणाला. लोक हसले.

सटवाजी हसला नाही. "तिसरं पाणी," तो म्हणाला. "बाई, तुमी."

कमलबाई तांब्या घेऊन पुढे झाली. प्राची मामाच्या मांडीवर रडायला लागली होती. कमलबाईला ते रडणं ऐकू आलं, आणि दवाखान्याच्या बाकावरची ती दुपार आठवली. देवीने बोकड नाकारला तर त्याच्या बदल्यात तिला काय पाहिजे आहे, असा प्रश्न तिच्या मनात आला. तो तिने पुढे जाऊ दिला नाही. ती बोकडाच्या पुढ्यात बसली. तिने जिभेने चुक् केलं. बोकडाने तिच्या गुडघ्यावर मान ठेवली आणि डावा कान पुढे केला.

तिने ओंजळ पाठीवर नेली, पण पाठीवर पाणी फारसं पडलं नाही. बाकीचं तिने कानात सोडलं.

कानात पाणी गेलं की कुठलंही जनावर अंग झाडतं. शेळ्या राखणाऱ्याला हे माहीत असतं.

दुपारी दीड वाजता पंगत बसली. देवीला निवद दाखवल्यावर पहिला घास नवस बोललेल्या माणसाने घ्यायचा असतो. कमलबाईने घेतला. ती लहानपणापासून मटण खात आली होती. नळी फोडून खाण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घास घशाखाली जाणार नाही असं तिला वाटलं होतं. तो गेला. चव चांगली होती. तिने रस्सा दुसऱ्यांदा वाढून घेतला. पुढच्या दिवसांत बाकी सगळ्यापेक्षा तिला हेच जास्त आठवत राहिलं.

वैष्णवीच्या दुसऱ्या भावाने मोबाइलवर सगळं टिपलं होतं. बुधवारी सकाळी परमेश्वरने ते स्टेटसला ठेवलं. एक्केचाळीस सेकंदांचा व्हिडिओ. बोकड येतो, बाईच्या गुडघ्यावर मान ठेवतो, बाई पाणी टाकते, बोकड डोकं आणि सगळं अंग झाडतो, हलगी वाजते. पाणी कुठे पडलं ते दिसत नाही, कमलबाईचा पदर आड येतो. मागे कुणीतरी गाणं लावलं होतं. शुक्रवारपर्यंत तो झरीत आणि जिंतुरात नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरून परत गावात आला.

"बोकडानं सोताहून मान दिली," लोक म्हणायला लागले. "कमलमावशीच्या हाताला गुण हाय."

शनिवारी सवयीने ती शाम्पूची पुडी घेऊन हापशापर्यंत गेली आणि परत आली. त्या संध्याकाळी तिने आश्रुबाला सांगितलं. तो गोठ्यात म्हशीपुढे कडबा टाकत होता.

"अवो, त्यानं अंग झाडलं न्हवतं."

"मग काय केलं होतं? नाचलं होतं?"

"मी कानात पानी घातलं."

आश्रुबाने पेंढी खाली ठेवली. मग म्हणाला, "कुनी बघितलं?"

"न्हाई."

"मग झालं की. थेंबभर पानी इकडं पडलं काय अन् तिकडं पडलं काय."

"थेंबभर न्हाई. ओंजळभर."

"सटवाईला ठावं न्हाई का? तिला नको असतं तर तिनं लेकराला काय बी केलं असतं. लेकरू तर हुंदडायलंय अंगनात." त्याने पेंढी पुन्हा उचलली. "आन् तुला येवढं वाईट वाटायलंय, तर खायच्या टायमाला कुठं गेलं होतं? दोनदा रस्सा घेतलीस. मी बघितलं."

कमलबाईने खाली सांडलेला कडबा गोळा केला.

"रविवारी कोंबडी कापतीस," आश्रुबा म्हणाला. "तिला कवा इचारलीस का, बाई, तुझी मर्जी हाय का म्हनून?"

ती आत गेली. रविवारी कोंबडी झाली नाही, पिठलं झालं. आश्रुबाने ते दोन भाकरींशी खाल्लं. परमेश्वरने मात्र विचारलं, "माय, कोंबड्या रुसल्या का?"

सोमवारी ती महेबूबभाईकडे गेली. त्याचं दुकान गावाच्या वेशीजवळ, पत्र्याचं, रविवारी आणि बुधवारी उघडं असणारं. सोमवारी तो बाहेर बाजेवर बसून सुऱ्या तेल लावून कापडात गुंडाळत होता. साठीचा माणूस. त्याचे वडीलही गावच्या देवांची बकरी कापायचे. त्याचे काही नियम होते आणि ते सगळ्या गावाला माहीत होते. जनावरासमोर सुरी काढायची नाही. एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. आधी पाणी पाजायचं.

"या भाबी," तो म्हणाला. "बसा."

ती उभीच राहिली. "महेबूबभाई, एक इचारायचं होतं. त्या दिवशी..."

"डावा कान," तो म्हणाला.

कमलबाई बाजेच्या कडेला बसली.

"मी तेचं तोंड धरलं ना, तवा माझ्या हाताला लागलं. कान वल्लागच्च, पाठ कोरडी. आश्रुबाचं आन् परमेश्वरचं पानी तवापर्यंत ओघळून गेलं होतं." तो हे सांगताना सुरी गुंडाळतच होता. "आन् तेनं पानी बी पिलं न्हाई. तुमच्याकडंच बघत होता. मी तुमाला सांगनार होतो, जरा मागं सरका म्हनून. न्हाई सांगितलं."

"तुमी तवाच का बोलला न्हाईत?"

"काय बोलू? दीडशे मानूस हुबं होतं. तुमचा देव, तुमचा नवस. मुलाण्यानं मधी पडून म्हनायचं, बाईनं खोटं केलं?" त्याने मान हलवली. "पन मी गप बसलो, ते बसलोच. ते तुमच्यावर न्हाई ढकलत."

थोड्या वेळाने तिने आश्रुबाचा कोंबडीचा प्रश्न त्याला सांगितला. महेबूबभाईला हसू आलं, पण लगेच गेलं.

"आश्रुबा बराबर बोलतोय," तो म्हणाला. "मी इतकी वर्सं हे काम करतो भाबी. घरी रोज खातो. एकालाबी इचारत न्हाई. अल्लाचं नाव घेतो, सुरी धारदार ठेवतो, बास. तेचा हिशोब जवा द्यायचा तवा मी देईन. पन तुमी लोक इचारता. ते मला बरं वाटायचं लहानपनापासून. वाटायचं, चला, येवढं तरी करतात, येखाद्या वेळी सोडून बी देतात. आता इचारायचं आन् जवाब बी आपनच द्यायचा..." त्याने गुंडाळलेली सुरी बाजूला ठेवली. चहा सांगू का, असं विचारलं. ती नको म्हणाली.

"काय करू मी?" तिने उठताना विचारलं.

"भगताला सांगा. न्हाईतर सांगू नका. मला काय ठावं?"

ती सटवाजी भगताकडे गेली नाही. त्याला सांगितलं तर तो सगळ्यांना बोलावील, दंडाचा दुसरा बोकड सांगील, आणि त्या दुसऱ्यालाही कुणीतरी वाढवलेलं असेल. हे तिने मनाशी नीट मांडून बघितलं. त्यापलीकडचं एक कारणही होतं, ते तिला कबूल करायला आवडत नव्हतं. लोक वाटेत थांबून तिच्या पाया पडायला लागले होते. परवा एका नव्या सुनेने तिच्या हातात आपलं लेकरू दिलं होतं, "मावशी, जरा हात फिरवा," म्हणून.

वैष्णवीला काही सांगितलं नव्हतं. पण गुरुवारी दुपारी ती प्राचीला भरवताना मोबाइल बघत होती आणि एक्केचाळीस सेकंद संपले की पुन्हा लावत होती. प्राची पडद्याकडे बोट करून चुक् चुक् करत होती.

"आत्या," वैष्णवी म्हणाली, "ह्यानं आधी कान हलवलाय बघा. मग अंग."

"असंल," कमलबाई म्हणाली.

"शाम्पू लावताना बी कानात पानी गेलं की असंच करायचा." वैष्णवीने एवढंच म्हटलं आणि मोबाइल पालथा ठेवला. संध्याकाळी परमेश्वरच्या मोबाइलवरून तिने व्हिडिओ काढून टाकला. तोपर्यंत तो कितीतरी लोकांकडे होता.

शुक्रवारी शेजारच्या गल्लीतली गीताबाई आली. येत्या मंगळवारी तिच्या भावाच्या मुलाचं जावळ होतं, वालूरला. तिथल्या सटवाईचाही शिरस्ता हाच. आत्या म्हणून बोकड तिच्याकडून होता.

"मावशी, तुमी चला," गीताबाई म्हणाली. "तिसरं पानी तुमच्या हातचं."

"मी कशाला? नवस ज्यानं बोलला तेनंच टाकावं."

"नवस मीच बोलले, आन् मीच तुमाला माझा हात द्यायले. तिथल्या भगताला इचारून घेतलंय, चालतंय म्हने." तिने कमलबाईचा हात धरला. "मागल्या साली ह्याच पोराच्या जावळाला आमचा पहिला बोकड झाडला न्हाई. तीन खेपा झाल्या, हुबा तो हुबाच. सोडून द्यावा लागला. आन् वर्साच्या आत पोरगं दोनदा दवाखान्यात गेलं. माझी भावजय तवापासून घास नीट खात न्हाई, मावशी. आता पुन्हा तसं झालं तर ती मरंल."

"त्या सोडलेल्या बोकडाचं काय झालं?" कमलबाईने विचारलं.

"त्याला काय होतंय? हिंडायलाय वालुरात. लय माजलाय."

"आन् पोरगं?"

"आता बरं हाय. पन मनात भ्या असतंच की."

नाही म्हणायला कारण लागलं असतं, आणि कारण एकच होतं. कमलबाईने ते दिलं नाही. "येते," असं ती म्हणाली. आपल्या तोंडून ते इतक्या सहज आलं याचं तिला दिवसभर नवल वाटत राहिलं.

सांगायला तीन दिवस होते. शनिवारी गीताबाई हापशावर एकटी भेटली, पण घागर भरून निघून गेली. रविवारी कमलबाई तिच्या दारापर्यंत गेली. आत पाहुणे होते. सोमवारी गीताबाईच तिच्याकडे लुगडं ठेवून गेली, मानाचं, हिरवं. कमलबाईने ते उचलून कपाटात ठेवलं, आणि मग कपाटातून काढून खुंटीवर ठेवलं. सांगायचं असेल तर ते परत द्यावं लागेल, म्हणून.

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता छोटा हत्ती टेम्पो दारात आला. आश्रुबा ओट्यावर दात घासत होता. "नीट जा," एवढंच तो म्हणाला. वैष्णवीने तांब्या घासून ठेवला होता. तो हातात देताना तिने सासूकडे बघितलं. कमलबाईने तांब्या घेतला.

पुढे ड्रायव्हर आणि गीताबाईचा नवरा बसले. मागे गीताबाई, कमलबाई, दोन पोती तांदूळ आणि बोकड. तांबडा होता, वर्षाचा असेल. गीताबाईने त्याला दाव्याला बांधून ठेवूनच वाढवला होता, तो माणसांना बुजत होता. गाडी हलली तशी तो घाबरून पोत्यांना धडकला.

"इकडं घ्या मावशी, तुमच्याकडं गप बसंल," गीताबाई म्हणाली आणि दोरी तिच्या हातात दिली.

कमलबाईने जिभेने चुक् केलं नाही. बोकडच हळूहळू सरकत आला, तिच्या तळव्याचा वास घेतला आणि धक्क्यांनी लटपटत तिच्या गुडघ्याला टेकला. गीताबाई बोलत होती, मसाल्याबद्दल, भावजयीबद्दल, मागच्या खेपेच्या उन्हाबद्दल. कमलबाई हो म्हणत होती. गाडी डांबरी रस्त्याला लागली. बोकडाचा कान तिच्या हाताशी आला, आणि तिची बोटं त्यात गेली. आत गोचिड होते, बऱ्याच दिवसांचे, टच्च फुगलेले. बोकडाने आधी मान झटकली. मग तो थांबला.

"बघा की," गीताबाई म्हणाली. "मला कवाच हात लावू दिला न्हाई ह्यानं."

झरीचा फाटा मागे पडला तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. तांब्या कमलबाईच्या पायाशी होता, अजून रिकामा. तोवर तिने डाव्या कानातले दोन गोचिड काढले होते. गीताबाईला काही सांगितलं नव्हतं. बोकडाने मान फिरवून उजवा कान पुढे केला होता.